हिरडीवरील शस्त्रकर्म आणि वैद्याचा अधिकार



आमचा चिकित्साव्यवसाय नायगावी आहे. मिठागरे आणि खाडी यांच्या सान्निध्यातील हे गाव पाहता पाहता गृहसंकुलांचे नगर झाले आणि त्या संकुलांच्या तळमजल्यांवरील गाळ्यांत किराणा व औषधे यांच्या दुकानांशेजारी दंतचिकित्सालयांचे फलक लागले. त्या फलकांवरील एक शब्द अलीकडे आमच्याही रुग्णांच्या तोंडी येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे 'क्राऊन लेंग्थनिंग'. हिरडी, आणि बहुधा तिच्याखालील थोडे हाडही, कापून दाताचा अधिक भाग उघडा करण्याचे हे शस्त्रकर्म होय. दंतवैद्याने ते सुचविले की रुग्ण घाबरतो आणि आपल्यासमोर येऊन बसतो. "डॉक्टर, कापल्याशिवाय काही होईल का?" हा त्याचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, आणि काय द्यावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दुसऱ्या कोणास दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्याचा आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी साधारण चाळिशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. रोज पहाटेची लोकल गाठून मुंबईस नोकरीसाठी जाणारे, वेळेअभावी दुखणे अंगावर काढणारे असे ते होते. त्यांची खालची एक दाढ एका बाजूने हिरडीच्या आतपर्यंत मोडलेली होती. मूळ शाबूत होते. दंतवैद्याने रूट कॅनाल करून, हिरडी व हाड थोडे खाली नेऊन, मग कॅप बसविण्याचा सल्ला दिला होता. 'हाड' हा शब्द ऐकून गृहस्थ दचकले होते. आम्ही तपासले तेव्हा हिरडी सुजलेली, स्पर्शाने रक्त येणारी अशी होती. आम्ही इरिमेदादि तेलाचा गंडूष, त्रिफळा क्वाथाचा कवल आणि पोटात औषध दिले व म्हणालो, "आधी सूज उतरू द्या, मग पाहू." सूज उतरली, वेदना थांबली आणि गृहस्थ संतुष्ट झाले. आम्हीही संतुष्ट झालो. 'मग पाहू' हे शब्द आम्ही विसरलो आणि तेही विसरले. सहा-सात महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा कीड मुळात खोलवर गेली होती. ती दाढ काढून टाकावी लागली. त्यांनी तक्रार केली नाही, उलट आपल्या औषधाने इतके दिवस त्रास झाला नाही म्हणून आभार मानले. ते आभार आम्हांस आजही बोचतात.

आमच्या औषधाने हिरडीचा शोथ शमला यात संशय नाही. परंतु त्या रुग्णाचा मूळ प्रश्न शोथाचा नव्हताच. दाताचा मोडलेला काठ हिरडीखाली गाडला गेला होता, ही तेथील अडचण होती. कोणत्याही तेलाने वा क्वाथाने मोडका काठ वर येत नाही. लक्षण शमल्यामुळे व्याधी शमला असे मानणे हा जो दोष आपण इतरांस देतो, तोच आमच्या हातून घडला.

शस्त्रकर्माचे प्रयोजन

हे कर्म का करावे लागते, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याविषयी मत देणे योग्य नाही. दाताभोवती हिरडी नुसती टेकलेली नसते. हाडाच्या वरच्या काठापासून वर काही अंतरापर्यंत ती दाताला जखडलेली असते. गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ साली मानवी जबड्यांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत हाडालगतच्या संयोजी ऊतीचे बंधन सरासरी १.०७ मि.मी. आणि त्यावरील त्वचासदृश स्तराचे बंधन ०.९७ मि.मी., असे मिळून सुमारे २ मि.मी. अंतर आढळले. यालाच पुढे 'बायोलॉजिक विड्थ' हे नाव रूढ झाले. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेनंतर दंतवैद्यकाने त्यासाठी नवीन संज्ञा स्वीकारली असली, तरी तत्त्व तेच आहे. ही सरासरी होय. व्यक्तीगणिक आणि दातागणिक हे अंतर कमी-अधिक असते.

कॅपचा काठ या बंधनाच्या क्षेत्रात घुसविला तर शरीर ते सहन करीत नाही. हिरडी कायम लाल व सुजलेली राहते, रक्त येते, कालांतराने हाड झिजते. म्हणून कॅपचा काठ आणि हाडाचा काठ यांमध्ये सुमारे ३ मि.मी. अंतर राखावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. दात हिरडीखाली मोडला असेल तर हे अंतर मिळविण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक तर हाड व हिरडी खाली न्यावी, किंवा तारेच्या साहाय्याने दात हळूहळू वर ओढावा. पुढच्या दातांत, जेथे हिरडीची रेषा बिघडली तर मुखाची शोभा जाते, तेथे दुसरा मार्ग पुष्कळदा श्रेयस्कर ठरतो.

हिरडीचे मांस अतिरिक्त असेल आणि हाडाचा काठ योग्य जागी असेल, तर केवळ हिरडीचे छेदन पुरते. हाड आड येत असेल तर हिरडी उचलून हाडाला आकार द्यावा लागतो. हा भेद न करता नुसती हिरडी छाटली, तर ती काही महिन्यांत पूर्वस्थानी येते आणि रुग्णाचे कष्ट व द्रव्य दोन्ही वाया जातात. शस्त्रकर्मानंतर मागील दातांत साधारण दीड-दोन महिने आणि पुढील दातांत तीन ते सहा महिने थांबून मगच कायमची कॅप बसवावी लागते. ज्या दाताचे मूळ आखूड आहे, ज्याच्या मुळांमधील फाटा हाड काढल्याने उघडा पडेल, किंवा ज्याच्या शेजारच्या निरोगी दाताचे हाड त्यामुळे हकनाक जाईल, त्या दातास हे कर्म वर्ज्य होय. एवढा विचार ज्या कर्मामागे आहे, त्याला 'कापाकापी' म्हणून उडवून लावणे वैद्याला शोभत नाही.

आपल्या संहितांत काय आहे

यावर काही मित्र म्हणतात, हे सर्व सुश्रुताचार्यांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. या विधानात जितके सत्य आहे तितकेच घ्यावे.

सुश्रुतांनी ६५ मुखरोग सांगितले, त्यांपैकी १५ दंतमूलगत होत. शीताद, दंतपुप्पुटक, दंतवेष्टक, शौषिर, महाशौषिर, परिदर, उपकुश, दंतवैदर्भ, वर्धन, अधिमांस आणि पाच नाडी हे पंधरा आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत. त्यांत शस्त्राचे स्थान स्पष्ट आहे. शेवटच्या दाढेवर वाढलेल्या अधिमांसाचे छेदन करावे आणि नंतर वचा, तेजोवती, पाठा, स्वर्जिक्षार व यवक्षार यांच्या चूर्णाने मधासह उपचार करावा, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. अक्कलदाढेवरील मांसाची झडप आजचा दंतवैद्य कापतो, ती याच जातीची क्रिया आहे. उपकुशात लेखन आहे, शीतादात रक्तमोक्षण आहे, दंतवैदर्भात शस्त्राने दंतमूल शुद्ध करून क्षार लावणे आहे. चरकाचार्यांनी ३६० अस्थींच्या गणनेत ३२ दंतोलूखले स्वतंत्र मोजली. तेव्हा हिरडीला शस्त्र लावणे आयुर्वेदाला परके आहे, असे म्हणणारा वैद्य स्वतःची संहिता विसरला आहे.

परंतु त्याच संहितेत निरोगी हाडाचा काठ मोजून दोन-तीन मि.मी. खाली नेण्याचे आणि त्यावर कृत्रिम मुकुट बसविण्याचे कर्म आम्हांस आढळत नाही. ते नाही म्हणून संहितेला उणेपणा येत नाही. त्या काळी कॅप नव्हती, तिच्यासाठी जागा करण्याचा प्रश्नही नव्हता. शिवाय सुश्रुतांनी दंतमूलरोगांत त्रिदोषज नाडी आणि शौषिर यांना, तर दंतरोगांत श्याव, दालन आणि भंजनक यांना असाध्य म्हटले. भंजनकाची आजच्या मोडक्या दाताशी सर्वांशी तुलना करता येणार नाही. तथापि, आपल्या कालातील साधनांची मर्यादा आचार्यांनी निःसंकोच नोंदविली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जे साध्य नाही ते साध्य आहे असे त्यांनी कोठेही म्हटले नाही.

पुण्याजवळील एक प्रसंग

सुश्रुताच्या शस्त्रकर्माचा गौरव करताना आपण नेहमी नासासंधानाचा दाखला देतो. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्याच्या चाकरीत असलेला कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक व हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नाक पुन्हा बनविण्यात आले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ते पाहिले आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तो वृत्तांत चित्रासह छापला. त्यावरून प्रेरणा घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तसे शस्त्रकर्म केले. हा इतिहास आपल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगितला जातो.

त्यातील एक तपशील मात्र आपण बहुधा गाळतो. ते नाक बनविणारा पुरुष वृत्तांतानुसार विटा करणाऱ्या जातीतला होता. संहिता वैद्याच्या घरी होती आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती होते. ज्याच्या हातास सराव होता त्याच्यापाशी कर्म टिकले आणि ज्याच्यापाशी केवळ पाठांतर होते त्याच्या हातून ते निसटले. शास्त्र व कर्म यांपैकी एकच जाणणारा वैद्य एका पंखाच्या पक्ष्यासारखा असतो, असे सुश्रुतांनी सूत्रस्थानात बजावले होते. भोपळा, कोहळा यांसारख्या फळांवर छेदनाची योग्या करून हात बसविल्याशिवाय रुग्णास स्पर्श करू नये, हेही त्यांचेच सांगणे. व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला, योग्या केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला असा वैद्य असावा, ही त्यांची अट आहे.

अधिकाराचा वाद

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती करून शल्यतंत्राची ३९ आणि शालाक्यतंत्राची १९ अशी ५८ कर्मे नावानिशी नमूद केली. शालाक्याच्या यादीत सैल दात काढणे आणि किडलेल्या दाताचा रूट कॅनाल यांचा समावेश आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर काम बंद ठेवले. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी त्वेषाने लिहिले, आम्हीही लिहिले. पदव्युत्तर शालाक्य वैद्याने शिकलेले कर्म करू नये, या मागणीस आमचा तेव्हा विरोध होता आणि आजही आहे.

तथापि त्या वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट झाकली गेली. ती अनुज्ञा पदव्युत्तर शिक्षणात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी आणि नमूद कर्मांपुरती आहे, असा खुलासा आयुष मंत्रालयाने त्याच आठवड्यात केला होता. हिरडीसह हाड घडविण्याचे हे कर्म त्या यादीत नावाने नाही. दंतवैद्यकाच्या व्यवसायासाठी कायदा स्वतंत्र नोंदणी सांगतो. म्हणून सर्वसाधारण पदवीधर वैद्याने, लेसरचे यंत्र विकत मिळते एवढ्यावरून, आपल्या चिकित्सालयात हिरडी छाटण्यास प्रवृत्त होऊ नये. राजाची अनुज्ञा आणि योग्या या सुश्रुतांच्या दोन अटींपैकी एकही तेथे पूर्ण होत नाही. अधिकार मागताना आपण सुश्रुतांचा आधार घेतो, तर त्यांनी घातलेल्या अटीही स्वीकारल्या पाहिजेत.

वैद्याचे कर्तव्य

मग वैद्याने काय करावे? याचे उत्तर चरकाचार्यांनी गुल्माच्या प्रकरणात दिले आहे. गुल्म पक्व झाला असता पुढील क्रियेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, असे ते सांगतात. कायचिकित्सेचा एवढा थोर आचार्य रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवितो, त्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. योग्य वेळी रुग्ण सोपविणे ही आपल्याच परंपरेची आज्ञा आहे.

सोपविण्यापूर्वी आणि सोपविल्यानंतर आपले काम पुष्कळ उरते.

प्रथम निदान. हिरडी वाढलेली दिसली की रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे विचारावे. अपस्मारातील फेनिटोइन, अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन यांनी हिरडी वाढू शकते. तेथे दंतमंजनाचे प्रकार बदलीत बसण्याऐवजी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी. गोळी स्वतः बंद करू नये. हिरडीतून अकारण रक्त, थकवा व फिकटपणा एकत्र दिसल्यास रक्ततपासणी त्वरित करून घ्यावी.

दुसरे, पूर्वकर्म. शोथयुक्त हिरडीवर हे शस्त्रकर्म करीत नाहीत. दंतवैद्याने दात स्वच्छ केल्यानंतर कवल, गंडूष आणि आहारविहार यांनी हिरडी स्वस्थ ठेवणे, प्रमेही रुग्णाची शर्करा आटोक्यात आणणे, तंबाखू व मशेरी सोडविणे ही कामे आपण चांगली करू शकतो. आपल्या भागात दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावणाऱ्या कित्येक वयस्क स्त्रिया आजही आढळतात. दंतवैद्याची त्यांच्याशी वर्षातून एकदा गाठ पडते, आपली महिन्यातून दोनदा. हे व्यसन सोडविण्याची संधी आपल्याला अधिक आहे. आपण देत असलेल्या सर्व औषधांची यादी शस्त्रकर्मापूर्वी दंतवैद्याकडे पाठवावी.

तिसरे, पश्चात्कर्म. येथे उत्साहाला आवर घालावा लागतो. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरल्यास गोठलेले रक्त निघून पुन्हा रक्तस्राव होतो, म्हणून कवलही नको. टाके असेपर्यंत बोटाने चूर्ण चोळणे, अर्थात प्रतिसारण, वर्ज्य समजावे. दंतधावन करताना दंतमांसास इजा होऊ नये ही चरकोक्ती व्रणावर तर अधिकच लागू पडते. शस्त्रकर्म करणाऱ्याने अनुमती दिल्यानंतर सौम्य कवल सुरू करावा.

शोभेसाठी छेदन

काही रुग्ण रोगासाठी नव्हे, तर शोभेसाठी येतात. हसताना हिरडी फार दिसते, लग्न ठरले आहे, असे एखादी मुलगी संकोचाने सांगते. आपल्यापैकी काही जण अशा वेळी उपदेश करतात. तो अनाठायी होय. काहींत दात उगवल्यानंतर हिरडी मागे सरकण्याची नैसर्गिक क्रिया अपुरी राहते आणि पूर्ण लांबीचा दात हिरडीखाली झाकलेला असतो. अशा ठिकाणी हे कर्म उचित ठरू शकते. उलट वरचा ओठ आखूड असेल वा वरचा जबडाच लांब असेल, तर हिरडी कापून मूळ कारण दूर होत नाही. म्हणून रुग्णास दंतवैद्याला चार प्रश्न विचारण्यास सांगावे: हिरडी दिसण्याचे कारण कोणते? हाड कापावे लागेल काय? नंतर दात संवेदनशील होतील काय? व्रण भरण्यास किती महिने लागतील? लग्न महिन्यावर आले असता 'दोन दिवसांत हास्य बदलून देऊ' असे म्हणणाऱ्यापासून सावध करणे हेही वैद्याचे कर्तव्य आहे. शंका राहिल्यास मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात दुसरे मत घ्यावयास सांगावे. नायगावहून लोकलने थेट जाता येते.

औषधविक्रेत्यांना विनंती

आमच्या औषधविक्रेत्या बंधूंच्या गल्ल्यावर रुग्ण आमच्याही आधी येतो. हिरडी दुखते म्हटले की दंतमंजनाची डबी पुढे करणे सोपे असते. पण एकाच जागी आठवडाभर दुखणारी हिरडी, मोडलेला दात, हलणारा दात, पुवाचा स्राव, किंवा दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातील व्रण यांवर डबी विकू नये, 'दात दाखवून घ्या' असे सांगावे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. असा माल कोणी आणून दिल्यास तो ठेवू नये. गेरूयुक्त खरखरीत चूर्णाने दात झिजतात, तेव्हा वस्त्रगाळ चूर्णच ठेवावे. मंजनाने झिजलेली हिरडी परत वाढते, असे कोणत्याही वेष्टनावर लिहिलेले असल्यास त्या मालाबद्दल निर्मात्याला विचारावे. इरिमेदादि तेल, खदिरादि वटी आणि दशनसंस्कार चूर्ण ही आपली विश्वासाची औषधे आहेत. त्यांच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा निर्माण केली, तर अपयशाचे खापर त्या औषधांवर आणि पर्यायाने आयुर्वेदावर फुटते.

त्या गृहस्थांना आम्ही आता जेव्हा भेटतो तेव्हा ते दुसऱ्या बाजूने चावतात, हे आमच्या लक्षात येते. एका चिठ्ठीचे काम होते. 'शोथ शमला आहे, आता आपले कर्म करावे' एवढे दोन ओळींचे पत्र आम्ही दंतवैद्याला लिहिले असते, तर ती दाढ बहुधा राहिली असती. तेव्हापासून आम्ही मेजावर छापील चिठ्ठ्यांचे पुस्तक ठेवले आहे. त्यावर रुग्णाचे नाव, आमचे निदान, दिलेली औषधे आणि पुन्हा दाखविण्याची तारीख असते. प्रत्येक वैद्याने आणि औषधविक्रेत्याने असे पुस्तक ठेवावे, आणि परिसरातील एका तरी विश्वासू दंतवैद्याशी स्वतः जाऊन परिचय करून घ्यावा, एवढीच आमची सर्वांस नम्र विनंती आहे.